ओरादूरच्या भिंती पडू द्यायच्या का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फ्रान्समधल्या ओरादूर-सुर-ग्लान या गावावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘जळालेलं गाव चुना लावून उभं ठेवणं ही इतिहासाची रंगरंगोटी आहे. पडू द्या, तेच खरं.’ मला हे अजिबात पटत नाही.

१० जून १९४४ ला एसएसच्या, म्हणजे नाझींच्या सशस्त्र दलाच्या, सैनिकांनी लिमोज शहराजवळच्या या गावात दोनशेहून अधिक मुलांसह ६४३ जणांना मारलं आणि घरं पेटवली. त्या आगीत छपरं गेली. छपराच्या भरवशावर बांधलेली दगडी भिंत उघडी पडली की पाणी माथ्यावरून आत शिरतं, सांध्यातला माल धुऊन नेतं. आत मुरलेलं पाणी थंडीत गोठून फुगतं, वेलींची मुळं फटी रुंदावतात. भिंतीला पोट येतं आणि एका पावसाळी रात्री ती बसते. म्हणजे आज पडणारी भिंत पाऊस पाडतो. त्या ढिगाऱ्यातून १९४४ बद्दल काय कळणार?

उपाय साधा आहे. माथ्यावरचे सुटे दगड जागच्या जागी बसवायचे आणि पाणी वाहून जाईल असा चुन्याचा उतार द्यायचा. भिंतीची उंची वाढवायची नाही, पडलेला भाग नव्याने रचायचा नाही. सिमेंट मात्र नको: ते जुन्या मालापेक्षा कडक, ओल कोंडून धरतं, मग दगडाचेच पापुद्रे सुटतात. तिथे कुणी सिमेंट ओतलं, तर तुमच्याबरोबर मीही ओरडेन.

आता चर्च बघा. बायका-मुलांना तिथे कोंडलं होतं. त्यातून मार्गरीत रुफांश ही एकटीच वाचली. मेणबत्त्या लावायच्या शिडीवरून ती वेदीमागच्या खिडकीपर्यंत पोचली आणि सुमारे तीन मीटर खाली उडी मारली. पाच गोळ्या लागल्या, तरी ती वाटाण्याच्या वाफ्यात लपून राहिली. या हत्याकांडाबद्दल १९५३ मध्ये बोर्दो शहरात खटला चालला, त्यात तिची साक्ष झाली. ती खिडकी, ती उंची आजही तिथे उभं राहून पाहता येते. भिंत गेली की उरेल फक्त कागद. हत्याकांडातून वाचलेल्यांपैकी शेवटचे, रोबेर एब्रास, २०२३ मध्ये गेले, त्यामुळे आता हे जास्तच महत्त्वाचं.

तुमचा मुद्दा लोखंडाला मात्र लागू पडतो. शिलाई यंत्रं, सायकली, मोटारी उघड्यावर गंजत आहेत. गंज थर थर सुटत जातो. रंग लावला तर वस्तू खोटी दिसते, आत हलवली तर तिची जागा हरवते. काही लहान वस्तू भूमिगत स्मारकात ठेवल्या आहेत. मोटारींचं काय करायचं, यावर वाद घालायला मी तयार आहे.