‘थट्टाच तर होती’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

इंदूरमधील मराठी मंडळांच्या आणि नोकरदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की हल्ली कार्यालयांतून मोकळेपणा उरला नाही. कोणाच्या जाडीवर, टकलावर किंवा डब्यातल्या भाजीवर सहकारी दोन शब्द गमतीने बोलला, तरी माणसे तोंड फुगवून बसतात आणि तक्रार घेऊन धावतात. राग हा ऐकणाऱ्याच्या मनात असतो, बोलणाऱ्याचे मन साफ असले म्हणजे झाले. पूर्वी कोणी तक्रार करीत नसे, सगळे हसत असत, आजही बाकीचे हसतातच, एखाद्यालाच लागते. कार्यालय हे दुसरे कुटुंब आहे आणि थट्टा हा तर इंदूरचा स्वभावच आहे; रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, भिजलेला माणूस कोणावर रागावतो काय? कायदे मात्र असे एकतर्फी, की एका वाक्यापायी नोकरी जावी. आणि आता उच्च न्यायालयानेही ‘टिप्पणी म्हणजे छळ नव्हे’ असे सांगून टाकले आहे. सबब हसून सोडून द्यावे, नाहीतर उलट एक टोला हाणावा. शेवटी, आपल्या कार्यालयातील तोंड फुगवणाऱ्या सहकाऱ्याला हा संदेश अवश्य पाठवा, अशी सूचना आहे. माझ्या नोकरीचा बराच काळ आस्थापना शाखेत गेल्यामुळे यातले प्रत्येक वाक्य मी टेबलाच्या पलीकडून कधी ना कधी ऐकलेले आहे, आणि त्यांतले एकही जसेच्या तसे मान्य करता येईल असे मला वाटत नाही.

संदेशातील पडताळून पाहता येईल असे विधान न्यायालयाविषयीचे आहे, म्हणून आधी ते घेतो. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकालात काढलेले प्रकरण असे होते, की पुण्यातील एका खासगी बँकेच्या अधिकाऱ्याने प्रशिक्षणाच्या वर्गात, एक सहकारी महिला आपले लांब केस सारखे सावरते आहे असे पाहून, हे केस सांभाळायला जेसीबी लागत असेल अशा अर्थाचे काही म्हटले आणि केसांवरच्या एका जुन्या चित्रपटगीताच्या ओळी गुणगुणल्या. लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या बँकेच्या अंतर्गत समितीने त्याला दोषी धरले, त्याची पदावनती झाली, औद्योगिक न्यायालयाने समितीचा अहवाल कायम ठेवला आणि उच्च न्यायालयाने तो रद्द केला. इथपर्यंत संदेश बरोबर आहे. परंतु न्यायालयापुढचा प्रश्न एवढाच होता, की घडले ते जसेच्या तसे खरे धरले तरी कामाच्या ठिकाणी महिलांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातील छळाच्या व्याख्येत ते बसते काय. बसत नाही, असे न्यायालय म्हणाले. भर वर्गात सहकाऱ्याच्या केसांवर बोलणे शिष्टसंमत आहे की नाही, आणि त्या बाईंना त्याचे वाईट वाटणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. एखादी गोष्ट अमुक कलमात बसत नाही यावरून ती निर्दोष ठरत असती, तर उसने घेतलेले पुस्तक परत न करणेही निर्दोष ठरले असते.

शिवाय संदेशकर्त्याने या निकालाचा आधार घेताना आपल्याच दुसऱ्या मुद्द्याचा पाय कापला आहे. कायदा जर इतका आंधळा असेल की एका वाक्यावर माणूस कायमचा बुडावा, तर हा अधिकारी न्यायालयातून सुटला कसा?

एकतर्फीपणाचा आरोप थोडा सविस्तर पाहण्याजोगा आहे, कारण तो करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी कायदा उघडून पाहिलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा प्रकरणात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि त्यांवरून २०१३ चा कायदा आला. त्यात तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी लागते. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करायची असते. तक्रारदार महिलेची इच्छा असेल तर चौकशीपूर्वी समेट घडवता येतो, मात्र तो पैशाच्या देवघेवीवर होऊ शकत नाही. आणि जाणूनबुजून खोटी तक्रार केली असे सिद्ध झाले तर तक्रारदारावरही कारवाई होऊ शकते, फक्त पुरावा देता आला नाही एवढ्यावरून मात्र नव्हे. अंतर्गत समिती दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथेच बंधनकारक आहे. आता आपल्या इंदूरकडे पाहावे. सुपर कॉरिडॉरवरच्या मोठ्या कंपन्यांत मनुष्यबळ विभाग, समिती, भिंतीवर लावलेला फलक हे सारे असेल. पण सियागंजच्या किंवा क्लॉथ मार्केटच्या पेढीवर, जिथे पाचसहा माणसे हिशेब आणि माल सांभाळतात, तिथे थट्टा करणारे बहुधा स्वतः शेठजीच असतात. अशा ठिकाणच्या महिलेने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावे अशी तरतूद आहे, परंतु तिथे जाणे म्हणजे दुसरी नोकरी शोधू लागणे, हे तिलाही ठाऊक असते आणि शेठजींनाही. ‘लगेच तक्रार घेऊन धावतात’ हे चित्र शहरातील किती कामाच्या जागांना लागू पडते, याचा विचार संदेशकर्त्याने केलेला दिसत नाही.

आणि कार्यालयातील बहुसंख्य थट्टेला तर कोणताच विशेष कायदा लागू होत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला चारचौघांत जातीवाचक शिवी देणे १९८९ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अपंग व्यक्तीचा पाणउतारा करण्याच्या उद्देशाने चारचौघांत तिचा हेतुपुरस्सर अपमान करणे २०१६ च्या कायद्याखाली. पण टक्कल, वजन, रंग, न जमलेले लग्न, मोडलेले लग्न, बोलण्याची ढब यांवर रोज होणाऱ्या शेऱ्यांसाठी एखाद्या पुरुष कारकुनाने कोणत्या कलमाखाली कुठे जायचे? त्याच्याजवळ असते ते एवढेच, की त्याने तोंड फुगवून बसावे. आणि संदेशाला नेमके तेवढेही नको आहे.

‘मन साफ होते’ हा मुद्दा मला सर्वांत दुबळा वाटतो, तरी तोच सर्वाधिक ऐकू येतो. २०१३ च्या कायद्यातील व्याख्या बोलणाऱ्याच्या उद्देशापासून सुरू होत नाही. कृत्य समोरच्या व्यक्तीला नकोसे होते की नाही, तिथून ती सुरू होते. ब्रिटनचा २०१० चा समानता कायदा याहून बारकाईने विचार करतो. वंश, लिंग, वय, अपंगत्व अशा कारणांशी निगडित नकोशा वागणुकीमुळे एखाद्याची प्रतिष्ठा दुखावली गेली काय हे ठरवताना, त्या व्यक्तीला स्वतःला काय वाटले, आजूबाजूची परिस्थिती काय होती आणि तसे वाटणे वाजवी होते काय, या तीन गोष्टी त्या कायद्याप्रमाणे पाहाव्या लागतात. यातली तिसरी गोष्ट महत्त्वाची आहे, कारण ‘मला लागले, म्हणजे तू दोषी’ असे तो कायदाही म्हणत नाही. पण ‘माझ्या मनात नव्हते, म्हणजे तुला लागलेच नाही’ हे तर त्याहूनही अवाजवी आहे. संध्याकाळी ठरल्या वेळी निघणाऱ्या बाईंना ‘आज अर्धी सुट्टी वाटते?’ असे एकदा कोणी म्हटले तर ती गंमत आहे, आणि त्यावर रुसणाऱ्याला मीही समजावीन. तेच वाक्य रोज, त्याच वेळी, साहेबांच्या खोलीचे दार उघडे असताना म्हटले जाऊ लागले की ते हजेरीबद्दलचे विधान होते, आणि वर्षअखेरीच्या मूल्यमापनात ‘कामात झोकून देण्याची वृत्ती कमी’ या शब्दांत ते परत भेटते. बोलणाऱ्याचे मन पहिल्या दिवशी जितके साफ होते तितकेच शेवटच्या दिवशीही असेल. त्याने बाईंचे नुकसान कमी होत नाही.

पूर्वी कोणी तक्रार करीत नसे, हे विधान बव्हंशी खरे आहे. करायची कुठे? १९९७ पूर्वी त्यासाठी कार्यालयात वेगळी अशी कोणतीच व्यवस्था नव्हती, आणि गिरण्यांच्या काळात बदलीवर येणाऱ्या कामगाराला उद्या काम मिळणार की नाही, हे ज्याच्या हातात होते तोच बहुधा थट्टाही करीत असे. त्या काळाच्या आठवणी सांगणारे आपले ज्येष्ठ ज्यांच्या थट्टेचे किस्से रंगवून सांगतात, त्या माणसांकडून तेच किस्से कधी ऐकले आहेत काय, एवढे विचारून मी पुढे जातो.

‘बाकीचे सगळे हसले’ याबद्दल मात्र थोडे थांबायला हवे, कारण हा पुरावा म्हणून दिला जातो आणि दिसायला तो भक्कम आहे. हसण्याचा अभ्यास करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांच्या रोजच्या बोलण्यातील हसण्याच्या सुमारे १२०० प्रसंगांची नोंद केली, तेव्हा त्यांना असे आढळले, की विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतर आलेले हसू फार तर पाचात एकदा असते. उरलेले हसू ‘बरं, येतो मग’ यांसारख्या साध्या वाक्यांवर येते, आणि ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा स्वतःच जास्त हसतो. म्हणजे हसू हे विनोद आवडल्याची पावती नसून बहुतेक वेळा ‘मी तुमच्यातलाच आहे’ असे सांगण्याची रीत असते. त्याहून बोलके निरीक्षण समाजशास्त्रज्ञ रोझ कोझर यांचे आहे. एका मनोरुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या सभांत कोण कोणावर विनोद करतो हे त्यांनी टिपून ठेवले आणि १९६० मध्ये ते प्रसिद्ध केले. वरिष्ठ डॉक्टर अधिक विनोद करीत, त्यांचा रोख बहुधा खालच्या पायरीवरील माणसांकडे असे, आणि समोर बसलेल्या वरिष्ठावर कनिष्ठाने विनोद केल्याचा एकही प्रसंग त्यांना सापडला नाही. विनोद असा वरून खाली वाहत असेल, तर साहेबांच्या वाक्यावर सगळे हसले यावरून त्या खोलीतील पगाराची उतरंड कळते. वाक्य निरुपद्रवी होते की नाही हे कळत नाही.

याच ठिकाणी ‘कार्यालय म्हणजे कुटुंब’ या मुद्द्याचेही उत्तर आहे. कुटुंबात थट्टा चालते हे खरेच. पण ती कोणाशीही चालत नाही. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० मध्ये थट्टेच्या नात्यांवर लिहिताना दाखवले, की काही समाजांत ठरावीक नात्यांतील माणसांना एकमेकांची चेष्टा करण्याची मुभा असते, कधीकधी ते कर्तव्यच असते, आणि ज्याची चेष्टा होते त्याने रागावायचे नसते. परंतु त्याच समाजांत काही नाती अशी असतात की तिथे कमालीचे अंतर राखायचे असते. हे वाचायला आपल्याला परदेशी जाण्याची गरज नाही. धाकटा दीर भावजयीला चिडवतो आणि ती त्याला तसेच सुनावते, मेहुणी जिजाजींची टर उडवते, विहिणी एकमेकींना नावे ठेवतात. पण सासरेबुवा सुनेच्या रंगावर विनोद करीत नाहीत, आणि करू लागले तर घरातले कोणीही ‘मन साफ आहे त्यांचे’ म्हणून हसत बसणार नाही. सून त्यांना उलट बोलू शकत नाही, हेच त्याचे कारण. जे घर संदेशकर्ता दाखल्यादाखल देतो, त्या घराने कोणी कोणाची थट्टा करावी याचे नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळले आहेत. कार्यालयातील साहेबांची जागा त्यांत धाकट्या दिराची नाही.

इंदुरी स्वभावाबद्दल माझी तक्रार नाही. पोह्यांच्या दुकानापुढे उभ्या उभ्या होणारी ‘भिया, भिया’ करीत चाललेली खेचाखेची मलाही प्रिय आहे, आणि रंगपंचमीच्या गेरमध्ये राजवाड्यासमोर भिजून निघालेला माणूस कोणावर रागावत नाही, हा संदेशातला दाखलाही खरा आहे. पण गेरमध्ये माणूस आपल्या पायांनी जातो, जाताना जुने कपडे घालतो, आणि नको असेल त्या दिवशी घरी राहतो. कार्यालयात रोज जावे लागते.

राहिला उपाय : हसून सोडून द्या, नाहीतर टोला हाणा. बरोबरीच्या दोघांत हा उपाय उत्तम आहे, आणि एखाद्याच चुकलेल्या शब्दासाठी लेखी तक्रार करण्यापेक्षा चहाच्या वेळी बाजूला घेऊन ‘ते मला आवडले नाही’ असे सांगणे केव्हाही बरे, हे मी संदेशकर्त्याला मोकळेपणाने देतो. बहुतेक सहकारी तेवढ्याने थांबतातही. जो थांबत नाही आणि उलट ‘किती मनाला लावून घेता हो’ असे पुन्हा चारचौघांत म्हणतो, त्याच्यासाठी या संदेशात एकही ओळ नाही. आणि परिवीक्षेवर असलेल्या मुलीने विभागप्रमुखाला टोला हाणला तर तिची नोकरी पक्की होण्याच्या कागदावर सही कोण करणार, यावरही नाही.

आता शेवटची सूचना : हा संदेश तोंड फुगवणाऱ्या सहकाऱ्याला पाठवावा. तो पाठवला जातो आहे, कार्यालयांच्या गटांवर, कधी नाव घेऊन, कधी नुसत्या हसऱ्या चेहऱ्याच्या चिन्हासह. आजवर तो कोणा कनिष्ठाने आपल्या साहेबांना पाठवल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही.