रंग शाबूत म्हणजे लाकूड शाबूत नव्हे: वळचणीबद्दलच्या एका मेसेजला उत्तर

बडोद्यातल्या जुन्या कौलारू घरांच्या मालकांमध्ये पावसाळा जवळ आला की एक मेसेज फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: जुना वलसाडी साग कुजत नाही, तांबेकर वाडाच बघा. वळचणीच्या, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या छपराच्या कडेच्या, फळीवरचा रंग शाबूत असेल आणि हातोडीने टोकल्यावर खणखणीत आवाज आला, तर आत काही झालेलं नाही. मे महिन्यात एकदा तपासा, फटींत सिलिकॉन भरा, ऑइलपेंटचे दोन हात मारा आणि वाळवी दिसली तर डिझेल ओता.

हा सल्ला पाळून चांगली छपरं खराब होतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

सागापासून सुरुवात. साग टिकतो तो त्याच्या सोनेरी-तपकिरी गाभ्यामुळे. त्यात टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं असतात, ती वाळवीला आणि बुरशीला दूर ठेवतात. गाभ्याबाहेरचा फिकट पिवळसर भाग मात्र साध्या लाकडासारखाच कुजतो. खांब आणि तुळया बहुधा गाभ्यातून काढलेल्या असतात. रिपा (कौलांखालच्या पट्ट्या), वळचणीच्या फळ्या, झालर यांच्या अरुंद तुकड्यांत फिकट कडा सहज येते. शिवाय इतक्या वर्षांच्या दुरुस्त्यांत कोणत्या फळीच्या जागी कोणतं लाकूड बसलं, ते रंगाखाली कळत नाही. तांबेकर वाडा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रावपुऱ्यात उभा आहे हे खरं, पण ती भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने संरक्षित केलेली वास्तू आहे. आणि ज्या घरांचे वासे कुजून छप्पर उतरवावं लागलं, ती आज दाखवायला उरलेलीच नाहीत. टिकलेल्या एका वाड्यावरून सगळ्या सागाची हमी देता येत नाही.

आता रंग. सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीने होतं.

छपराच्या कडेचं लाकूड समोरून क्वचितच भिजतं. पाणी शिरतं ते फळीच्या मागच्या बाजूने, दोन फळ्यांच्या सांध्यातून आणि सर्वांत जास्त कापलेल्या टोकांतून, कारण टोकाशी लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि तिथून ते बाजूंपेक्षा कितीतरी पट वेगाने पाणी ओढतं. नेमक्या याच तीन जागी रंगाऱ्याचा ब्रश पोचत नाही. मग समोरचा ऑइलपेंटचा जाड थर आत आलेलं पाणी बाहेर पडू देत नाही. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. ती 28-30 टक्क्यांवर जाऊन आठवडेच्या आठवडे तिथे राहिली की कुजणं सुरू होतं. रंगाच्या कवचामागे ही स्थिती आयती मिळते. वर गुळगुळीत हिरवा रंग आणि आत भुसा, अशी फळी हाताने दाबली तरी दबते.

रंग मात्र वाचता येतो. त्याला आलेला फोड चाकूने उघडा. आत उघडं लाकूड दिसलं तर पाणी मागून येतंय. आत जुना रंग दिसला तर दोष बहुधा उन्हाचा किंवा नीट न वाळवता मारलेल्या हाताचा आहे. खिळ्यांभोवती काळी वर्तुळं म्हणजे तिथे ओल वारंवार टिकते. फळीच्या खालच्या कडेलाच रंग सुटत असेल तर पाणी आतून खाली येऊन तिथे थांबतंय. समोरच्या गच्चीवरून वळचणीची रेघ पाहा: कुठे पोट आलेलं असेल तर तिथल्या वाशाचं टोक गेलं असण्याची शक्यता मोठी. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, तेव्हा दक्षिण आणि पश्चिम बाजू आधी बघा. दोन पाखी (छपराच्या उतरत्या बाजू) जिथे मिळतात तिथली पन्हळ आणि पन्हळीचे सांधे कधीही वगळू नका.

खणखणीत आवाजाचं म्हणाल, तर टोकणं निरुपयोगी नाही. बद्द आवाज आला तर आत पोकळी किंवा कूज असण्याची शक्यता मोठी. उलट अर्थ मात्र काढू नये. तपकिरी कुजीत (लाकूड तपकिरी आणि ठिसूळ करणारी बुरशीची कूज) लाकडाचं वजन दहा टक्केही घटलेलं नसतं तेव्हाच त्याचा चिवटपणा निम्म्याहून जास्त गेलेला असू शकतो, आणि त्या टप्प्यावर आवाज चांगलाच येतो.

त्यापेक्षा अणकुचीदार आरी (जाड टोचणं) घ्या. लाकडाच्या रेषांना आडवी, अर्धा सेंटिमीटर आत खुपसा आणि दांडा दाबून चिलपी वर उचला. निरोगी लाकडाची चिलपी लांब, तंतूंसकट, कडकड आवाज करत सुटते. कुजलेल्याची आखूड तुटते, आवाज न होता, आरीच्या अगदी वरच. प्रत्येक फळीची दोन्ही टोकं, प्रत्येक सांधा आणि वासा भिंतीवरच्या तुळईवर टेकतो ती जागा एवढं तपासलं तरी बहुतेक दोष सापडतात. दोन सुयांचं ओलमापक असेल तर रंग खरवडून सुया थेट लाकडात रोवा; लोणा लागलेल्या भिंतीजवळ ते उगाच जास्त आकडा दाखवतं.

हे सगळं मे महिन्यात करायचं, असं मेसेज म्हणतो. मे महिन्यात बडोद्यात कुजलेली फळीसुद्धा ठणठणीत कोरडी असते. ओलमापकाचा आकडा तेव्हा काहीच सांगत नाही, फक्त आरी बोलते. खरी वेळ पाऊस थांबल्यावर आठ-दहा दिवसांनी, सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये. चांगलं लाकूड तोवर सुकलेलं असतं. जे अजून 20 टक्क्यांच्या वर आहे तिथे पाणी अडकतंय. मेमध्ये फक्त कौलं बघा: सरकलेली, तडकलेली बदला. कडेचं कौल फळीच्या पुढे निदान 5 सेंटिमीटर आलेलं असावं, नाहीतर पागोळी फळीवरून वाहते. पन्हळीला दर तीन मीटरला दीड-दोन सेंटिमीटर उतार हवा.

सिलिकॉनने वरच्या बाजूची फट बंद केली तर चालतं. खालच्या कडेची कधीच बंद करू नये, कारण आत गेलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. शिवाय सिलिकॉनवर रंग धरत नाही. रंग द्यायचाच तर आधी फळी सुकू द्या, आणि बसवण्यापूर्वी तिच्या सहाही बाजूंना, विशेषतः टोकांना, बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) किंवा प्रायमर मुरवा. जुना रंग कोरडा घासू नका. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाखांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2017 पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं. पाणी मारून ओलाच खरवडा, मास्क लावा, मुलांना दूर ठेवा.

डिझेल तर अजिबात नको. लाकडी छपरावर ते आगीला आमंत्रण आहे, त्यावर रंग बसत नाही, आणि जमिनीतून भिंतीवाटे मातीच्या नळ्या बांधत वर येणारी वाळवी त्याने थांबत नाही. तिचा बंदोबस्त पायाभोवतीच्या मातीत, परवानाधारक माणसाकडून करावा लागतो. कुजीचा संशय असलेल्या कोऱ्या लाकडावर बोरॉन चालतं: एक लिटर कोमट पाण्यात 60 ग्रॅम बोरॅक्स आणि 40 ग्रॅम बोरिक पावडर, हातमोजे घालून, दोन-तीन हात. पावसात ते धुऊन जातं, म्हणून सुकल्यावर वरून रंग हवाच.

कुजलेल्या जागी लांबी (पुट्टी) भरून भागत नाही. मऊ भाग जिथे संपतो तिथून आणखी निदान 15 सेंटिमीटर पुढे कापा. तिरका सांधा फळीच्या जाडीच्या तिप्पट तरी लांब ठेवा, तोंड खाली, म्हणजे पाणी सांध्यात न थांबता निथळेल. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस. फळीमागे पातळ पट्ट्या देऊन पाच-सहा मिलिमीटर जागा मोकळी सोडा, हवा खेळली पाहिजे.

वाशाचं टोक तुळईवर टेकतं तिथे आरी सहज आत गेली, तर ते काम फळी बदलण्याचं राहत नाही. वरची कौलं उतरवून भार कमी करा, खालून टेकू द्या आणि सुताराला हात लावू देण्याआधी इमारतीच्या इंजिनियरला बोलवा. टेकू न देता एक वासा काढला तर त्याचा भार शेजारच्या वाशांवर येतो.