पांढरी लांबट एक, केशरी एक

गुडघा दुखतोय? उगाच मिरजेला जाऊन गर्दी वाढवू नका. वॉनलेस साहेबांनी १८९४ मध्ये तिथं इस्पितळ उघडलं तेव्हापासून त्या गावाला पेशंट कमी पडलेले नाहीत. आपलं कोपऱ्यावरचं मेडिकल काय वाईट आहे? "दुखण्याच्या दोन द्या" म्हणायचं. कुठं, कधीपासून, असल्या नसत्या चौकशा तो करत नाही.

गोळ्या कात्रीनं कापून मिळतात. नाव आणि मुदत छापलेला तुकडा दुकानातच राहतो. बरंच आहे. नाव कळलं की माणूस विचार करायला लागतो.

शिवाय सर्दीची गोळी वेगळी घ्या, अंगात कणकण असेल तर तापाची वेगळी. फक्त बेरीज करू नका. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला क्विंटलमागं दहा रुपयांसाठी तासभर घासाघीस करणाऱ्यानंही इथं हिशेब मांडू नये. कारण दुखण्याच्या जोडगोळीत इबुप्रोफेनबरोबर पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम, सर्दीच्या गोळीत तेच ५००, तापाच्या गोळीत तेच ६५०. तिन्ही तीन-तीन वेळा घेतल्या की ४,४२५. धडधाकट माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४,०००. वरचे ४२५ लिव्हर बघून घेईल. ते कुठं पावती मागतं? संध्याकाळी क्वार्टर घेणाऱ्यांनी तर आकड्यांकडे पाहूच नये.

तरीही ठणका राहिला तर असेक्लोफेनॅकची जोड द्या. तो इबुप्रोफेनचाच भाऊबंद. भाऊबंद एकत्र आले की वाटणी होतेच. इथं जठराची आणि किडनीची होते, एवढंच. बीपीची गोळी चालू आहे हे कुणाला सांगू नका. गोळ्या उपाशीपोटीच घ्या आणि वरून मूठभर तिखट भडंग खा, म्हणजे पोटात आग पडली तर नाव भडंगाचं.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यात असेक्लोफेनॅक ५० अधिक पॅरासिटामॉल १२५ ही जोडीही होती. तुम्ही मात्र बिस्किटाच्या डब्यात साठवलेल्या जुन्या गोळ्या टाकू नका. शेजारच्या काकूंना द्या, त्यांचाही गुडघाच आहे.

एखाद्या सकाळी शी डांबरासारखी काळी झाली तर "काल नाचणीची भाकरी होती" म्हणायचं. चक्कर येऊन पडलातच, तर पोरं मिरजेला नेतील. डॉक्टर विचारतील, "कुठल्या गोळ्या घेत होता?" घाबरू नका, ठामपणे सांगा: "एक पांढरी, लांबट. आणि एक केशरी."