कफनतज्ज्ञ कसं व्हावं?

तुरिनच्या कफनाबद्दल तुमचं ठाम मत नाही? मग चार शहाण्या माणसांत बसता तरी कशाला? इटलीतल्या तुरिनच्या कॅथेड्रलमध्ये सुमारे साडेचार मीटर लांबीचं लिननचं एक कापड आहे. त्यावर एका माणसाची पुढून आणि मागून फिकट आकृती उमटलेली आहे. येशूला क्रुसावरून उतरवल्यावर यातच गुंडाळलं, अशी कैकांची श्रद्धा आहे. ते क्वचितच बाहेर काढतात, हे तुमच्या पथ्यावरच पडतं. वस्तू डोळ्यांनी पाहिली की बोलताना उगाच जीभ अडखळते.

निष्कर्ष आधी ठरवा. पुरावे काय, मागाहून येतातच.

समजा, कापड अस्सल आहे असं ठरवलंत. तर १९८८ साल तुम्हाला आडवं येईल. ऑक्सफर्ड, झुरिक आणि ॲरिझोना इथल्या तीन प्रयोगशाळांनी टपालाच्या तिकिटाएवढे तुकडे कार्बनच्या चाचणीने तपासले आणि कापड १२६० ते १३९० या काळातलं ठरवलं. घाबरू नका. विज्ञानाला नावं ठेवायची नाहीत, नमुन्याला ठेवायची. म्हणा, तो कोपरा रफू केलेला होता. १५३२ मध्ये कापड शांबेरी गावात होतं, तिथल्या आगीनंतर जोगिणींनी कापडाला ठिगळं लावली होती, हे खरंच आहे. तो धागा पकडा. रफू दिसत नाही म्हणता? अहो, बेमालूम होता, दिसेल कसा! तेही टिकलं नाही तर कापडावरच्या जंतूंचा थर पुढे करा, त्यानेच वय चुकलं म्हणा. तोही खरवडला गेला तर भूकंप आहे: इसवी सन ३३ च्या भूकंपात न्यूट्रॉन सुटले आणि त्यांनी कार्बनचं गणित बिघडवलं. (ही माझी कल्पना नव्हे. तुरिनमधल्याच एका अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी २०१४ मध्ये हे रीतसर मांडलं.) अगदीच कोंडी झाली तर पुनरुत्थानाच्या, म्हणजे येशू पुन्हा जिवंत झाला त्या क्षणाच्या, तेजावर या. तिथे समोरचा गप्प बसतो, कारण तुलनेसाठी दुसरं पुनरुत्थान कुठल्याच प्रयोगशाळेकडे नाही.

खरी पंचाईत एका बिशपची. फ्रान्समधल्या त्र्वा शहराच्या प्येर दार्सीने १३८९ च्या सुमारास पोपला उद्देशून लिहिलं, की हे चित्र आहे आणि माझ्या आधीच्या बिशपांनी चित्रकारही शोधून काढला होता. म्हणजे चौदाव्या शतकातला धर्मगुरू शंका घेतो आणि आजचे पीएचडीवाले त्याला उत्तरं देतात! बिशप जळत होता, असं सांगा. कापड तेव्हा लिरे गावच्या चिमुकल्या चर्चमध्ये होतं, आणि दक्षिणा तिथे जमत होती ना. यात तथ्यही असू शकतं, पण जळणारा माणूस खोटंच बोलतो असं नाही, हे कुणाच्या लक्षात येऊ देऊ नका.

बनावट म्हणायचं ठरवलंत तर तुमचीही सोय आहे. १८९८ मध्ये सेकोंदो पियाने फोटो काढला, तेव्हा निगेटिव्हवर चेहरा जास्त स्पष्ट दिसला. यावर 'असेल काहीतरी' म्हणून विषय बदला. १९७८ मध्ये अमेरिकी पथकाने कापड १२० तास तपासलं, आणि आकृती रंगाने काढलेली नाही असं म्हटलं. त्यांच्याच चिकटपट्ट्यांवरचे धागे पाहून सूक्ष्मदर्शकाचे जाणकार वॉल्टर मॅक्रोन यांना गेरू आणि शेंदरी रंग सापडला. पट्ट्या त्याच! कुणाचा मायक्रोस्कोप खरा मानायचा, ते तुमच्या निष्कर्षाला विचारा.

फ्रान्समधल्या कादुआँचं नाव मात्र दोन्ही बाजूंनी टाळावं. तिथल्या कापडालाही शतकानुशतकं येशूचं प्रेतवस्त्र म्हणून पुजलं. मग १९३० च्या दशकात कुणीतरी काठावरची 'नक्षी' वाचली. ती अरबी लिपी निघाली, मजकूर इस्लामी आणि काळ इजिप्तच्या फातिमी खलिफांचा, म्हणजे येशूनंतर हजारेक वर्षांचा. बिशपने यात्राच बंद केली. प्रकरण मिटलं, आणि किती तज्ज्ञांच्या पोटावर पाय आला असेल!

तुरिनला तो धोका नाही. १९८३ पासून कापड पोपच्या मालकीचं आहे, आणि १९९८ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी सांगून टाकलं की अशा प्रश्नांवर निकाल देणं हे चर्चचं काम नाही, ते शास्त्रज्ञांनी करावं. खुद्द पोप मत देत नाहीत, म्हणून तुम्ही थांबायचं कारण नाही. 'पुन्हा चाचणी करा' ही मागणी तेवढी लावून धरा. परवानगी मिळत नाही, तेव्हा जोखीम शून्य. चुकून मिळालीच, तर तुकडा कुठल्या कोपऱ्यातून कापायचा यावर समिती नेमायला सांगा.