न बसायची बैठक

वास्तुशांत झाली, भाड्याची पातेली परत गेली, आता राहिला हॉल. ११ बाय २२ चा. पुढच्या अर्ध्यात सोफा-टीव्ही, मागच्या अर्ध्यात डायनिंग टेबल, आणि मधली भिंत काढून त्याला जोडलेलं किचन. जळगाव घ्या, धुळे घ्या, शहादा घ्या, नव्या घराचा नकाशा हाच. जुन्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात बैठक, माजघर आणि चूल यांच्यामध्ये दोन-दोन फुटांच्या मातीच्या भिंती असायच्या. त्यामुळे मे महिन्यात आत गारवा राहायचा आणि फोडणीचा ठसका चुलीपाशीच थांबायचा. असल्या मागास सोयी आपण पाडून टाकल्या, हे उत्तम केलं. आता सजावटही अर्धवट सोडू नका. घरातल्या माणसांचं काय, त्यांना सवय होते.

पहिली गोष्ट, टेप लावू नका. टेप माणसाचा उत्साह मारते. शोरूमच्या अवाढव्य जागेत एल आकाराचा सोफा अगदी लाजरा दिसतो, तो तसाच उचलून आणा. त्याची एक बाजू ९ फूट, दुसरी साडेसहा. तुमचा हॉल रुंदीला ११ फूट. साडेसहा फूट सोफ्याच्या दुसऱ्या बाजूने गेले, दीड फूट समोरच्या टीव्ही युनिटने. उरले ३ फूट. डायनिंगकडे जायची वाट हीच, आणि कूलरलाही जागा हीच, कारण प्लगपॉइंट तिथेच काढलेला आहे. कूलर २ फुटांचा. राहिलेल्या एका फुटातून आडवं होऊन सहज जाता येतं. मुलगी पाहायला पाहुणे आले तर पोह्यांचा ट्रे डोक्यावरून न्यावा, त्यात मुलीचं कौशल्यही दिसून येतं.

सोफ्याची बैठक जमिनीपासून १५ इंच आणि आत खोल २४ इंच घ्या, बसल्याबरोबर बुडालं पाहिजे असा मऊ फोम भरून. १८ इंच उंच, कडक, हात टेकायला लाकडी दांडा असलेली बैठक आजीला बरी पडते, गुडघ्यांवर जोर न देता उठता येतं. पण ती काही फोटोत शोभत नाही. आजी एकदा त्या सोफ्यात बसेल, दोघांना तिला काढावं लागेल, मग ती आपणहून बाहेर ओट्यावर बसायला लागेल. हा प्रश्न असा परस्पर सुटतो.

कापड की रेक्झिन? दोन्हींत मजा आहे. पारा ४५ च्या आसपास गेला की रेक्झिन पाठीला चिकटतं आणि उठताना चर्रर्र आवाज करून सोडतं. चार-पाच उन्हाळ्यांत त्याचे पापुद्रे निघून घरभर फिरतात. कापड घ्यायचं तर क्रीम कलरचंच घ्या. खानदेशात शेवभाजीची तर्री, केळीचा चीक आणि काळी माती या तीन गोष्टींची कमी नाही, आणि क्रीम कलर तिघींनाही सारखाच मान देतो. हळदीचा डाग पडला की लगेच साबण चोळा. साबणाने हळद लाल होते, म्हणजे एका डागात दोन रंग. खरं तर हळद उन्हात उडते, दोन दिवस कडक ऊन दिलं की पिवळा डाग फिका पडतो. म्हणून कव्हर निघणारं घेऊ नका, खिळ्यांनी ठोकून पक्कं करून घ्या. केळीच्या चिकाची काळजीच नको, तो काळा पडला की कायमचा.

छताकडे वळू या, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे घालवता येतात. स्लॅब १० फुटांवर असेल तर पीओपी ८ इंच खाली उतरवा. पंख्याचा दांडा मात्र जुनाच, आखूड ठेवा. पाती छतापासून निदान फूटभर खाली हवीत, तरच वरून हवा ओढायला वाव मिळतो. पीओपीला चिकटलेला पंखा जिथल्या तिथे गरगरत राहतो, खालच्या माणसाचा घामही हलत नाही. बघायला मात्र छान. मग पीओपीत ९ वॅटचे २० दिवे बसवा, म्हणजे १८० वॅट. साधारण एवढ्यातच एक कूलर चालतो. दुपारी लाइट गेली आणि सगळं इन्व्हर्टरवर आलं की घरात निवड करायची वेळ येते, हॉल दिसायला हवा की हॉलमध्ये बसायला हवं. तुम्ही काय निवडाल ते तुमच्या पीओपीवरून कळतंच आहे.

झोक्याच्या कड्या स्लॅब पडताना सळईला बांधून सोडलेल्या असतील तर त्या पीओपीत बुजवून टाका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतील, झोका कुठे बांधला विचारतील, त्यांना झुंबर दाखवा. फारच हट्ट धरला तर नंतर भोकं पाडून कड्या ठोकता येतील. तो झोका दोन माणसांचे हेलकावे किती दिवस सोसेल हे मिस्त्रीला विचारू नका, तो खरं सांगेल.

आता डायनिंग टेबल. सहा खुर्च्यांचं, ५ बाय ३, वर काच. खुर्ची मागे ओढून बसायला प्रत्येक बाजूला अडीच फूट लागतात, म्हणजे रुंदीला ८ फूट झाले. एका भिंतीला अडीच फुटांचा फ्रिज, समोरच्या भिंतीला दीड फुटाचं क्रॉकरी युनिट. बेरीज १२, हॉल ११. ही बेरीज टेबल घरात आल्यावरच करा, मग ते आपोआप भिंतीला सरकतं आणि सहाचं तिघा-चौघांचं होतं. गंमत पुढेच आहे. टेबलावर म्हणून सोडलेले तीन लटकते दिवे जागचे हलत नाहीत. टेबल ३० इंच उंच, त्यावर ३३ इंचांवर दिवा, एकूण ६३ इंच. म्हणजे ५ फूट ३ इंच. टेबल होतं तोवर दिवा ताटावर होता, आता तो बरोबर वाटेत, कपाळाच्या उंचीवर. घरातल्यांना आठवड्याभरात वाकायची सवय लागते. जावई उंच असेल तर आधी सांगून ठेवा.

काचेवर एक आग्रह धरा. सुताराकडून साधी काच घ्या, टफन्ड नको, तेवढेच पैसे वाचतात. चुलीवरून उतरलेलं वरणाचं पातेलं गारठ्याच्या सकाळी त्यावर टेकवलं की एक बारीक ‘टक्’ ऐकू येतो. पातेल्याखालची काच गरम होऊन फुगते, बाजूची थंड राहते, आणि मधल्या ओढाताणीत चीर जाते. चीर काठापर्यंत धावते. तिच्यावर प्लास्टिकचं टेबलक्लॉथ घाला. टेबलाचं खरं आयुष्य तिथून सुरू होतं: लोणच्याची बरणी, लाइटबिल, बीपीच्या गोळ्यांचं पाकीट, इस्त्रीला जायचे कपडे, केळीची फणी, पोराचा अर्धा वाळलेला थर्माकोलचा किल्ला. एका कोपऱ्यात वीतभर जागा उरते, तिथे पोरगा हनुवटी टेकून दूध पितो, कारण खुर्ची १८ इंचांची आणि पोरगा अजून टेबलाच्या मापाचा झालेला नाही.

जेवतात कुठे? टीव्हीसमोर, खाली, चटईवर. अहो, चटया बनवण्यात जळगावचं नाव देशभर आहे, आणि तुम्ही गालिचा आणलात! कळण्याची भाकरी ही काही काट्या-चमच्याने उरकायची गोष्ट नाही. ज्वारी-उडदाचं पीठ, जरा जाडसर थापलेलं, दोन्ही हातांनी मोडायचं, रश्श्यात कुस्करायचं, बाजूला भरीत, कांद्याची पात, ठेचा. त्याला मांडी लागते, ताट समोर लागतं आणि मोकळा कोपर लागतो. भरितावर बोलावलेले जिभाऊ तुमचं टेबल बघतील, काचेवरून हात फिरवतील, केवढ्याला पडलं विचारतील, आणि मग म्हणतील, “नई भो, आमले खालेच बरं वाटस. खुर्चीवर पाय लोंबतस.” मग गालिचा गुंडाळा, दारामागची चटई काढा. म्हणून सांगतो, गालिचा जाड घेऊ नका, रोज गुंडाळायचा आहे.

उघडं किचन आणि कूलर यांची जोडी तर देवाने जमवलेली. कूलरची पाठ रस्त्याकडच्या खिडकीकडे करा. वारा सोफ्यावरून, टेबलावरून थेट किचनच्या ओट्यावर जातो. गॅसची ज्योत आडवी होते, दूध एका बाजूने तापतं, आणि फोडणीचा धूर चिमणीखालून निसटून भिंतीला लागतो. ठेच्याच्या मिरच्या भाजायला घेतल्या की टीव्हीसमोरचे सगळे एकाच वेळी खोकतात, कुटुंब एकत्र आल्यासारखं वाटतं. डायनिंगच्या बाजूला एक खिडकी उघडी ठेवली तर ओली हवा ओट्याच्या आधीच बाहेर पडते आणि कूलरही नीट गार करतो, कारण कूलरच्या हवेला आत यायला जशी वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते. हे टाळायचं तर क्रॉकरी युनिट नेमकं त्या खिडकीवर ठोका. उरलेल्या खिडक्या धूळ येते म्हणून घट्ट लावून घ्या. तासाभरात हॉलमध्ये आषाढ सुरू होतो. पापड मऊ पडतात, पीओपीचे पोपडे सुटतात, आणि कूलरच दमला असं म्हणून नव्या एसीची चर्चा करता येते. बोअरचं पाणी वापरा, जाळ्यांवर पांढरा क्षार बसून त्या कडक झाल्या की वारा कमी येतो. जाळ्या बदलायच्या नसतात, कूलर बदलायचा असतो.

पश्चिमेला मोठी काच. ऊन आत आल्यावर त्याला आतून मखमली पडदा लावून अडवा. तो पडदा स्वतःच तापतो आणि रात्री १० पर्यंत शेगडीसारखी ऊब देतो. बाहेरून गोणपाट किंवा हिरवी नेट बांधली तर ऊन काचेपर्यंत पोचतच नाही, पण रस्त्यावरून कसं दिसेल?

फरशी पांढरी, चकचकीत, सांधे पांढऱ्या सिमेंटचे. इपॉक्सी भरलं तर डाग शोषत नाही, म्हणून भरू नका. सहा महिन्यांत सांध्यांवरून पाहुण्यांना कळतं की जेवायला नेमकं कुठे बसतात.

भिंतींबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एक टेक्श्चरवाली करा, तिच्या खाचांत धूळ छान बसते. मात्र प्रत्येक भिंतीला काहीतरी ठोकाच, चार फूट मोकळी भिंत कुठे उरता कामा नये. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची देवी कानबाई बसवायची, तेव्हा चौरंग, केळीचे खांब आणि रात्रभर गाणारे भाऊबंद यांना नेमकी तेवढीच जागा लागते. त्या रात्री सोफा उचलून गच्चीवर न्यावा लागतो. तो जिन्याच्या वळणावर अडकतो. एल आकाराचा सोफा दोन तुकड्यांत सुटणारा मिळतो, हे माहीत असून तुम्ही एकसंध घेतला, याबद्दल भाऊबंद काय बोलतील ते इथे लिहिता येत नाही. उन्हाळ्यात बिबडे-पापडांना गल्लीतल्या बाया पोळपाट घेऊन येतात, त्यांचंही तेच. दहा बाया आणि सहा खुर्च्या. त्या थेट ओसरीत बसतात आणि तुमच्या हॉलमध्ये कुणी पाय ठेवत नाही, सजावट टिकते.

राहिला कापूस. शेती असेल आणि भाव नसेल तर दिवाळीनंतर कापूस घरातच येतो, आणि घरात सगळ्यात मोठी खोली कोणती? तीच. सोफा भिंतीला उभा, टेबल उलटं, खुर्च्या त्यावर, आणि ढीग टीव्ही युनिटच्या दुसऱ्या फळीपर्यंत. शोकेसमधली विमानं आणि ताजमहाल बर्फात अडकल्यासारखे दिसतात. लोक यासाठी पैसे देऊन काश्मीरला जातात. स्विचबोर्ड ढिगाआड जाणार नाही इतकी तरी जागा सोडायला हवी, एक ठिणगी पुरते. पण तुम्ही बोर्डही सजावटीत बसावा म्हणून खाली, सोफ्यामागे घेतला आहे. दोन महिन्यांनी ढिगातले किडे अंगाला खाज आणतात, आधी पोरांच्या मानेला पुरळ येतं. तरी भाव येत नाही. मे उजाडतो, कूलर सुरू होतो, ओल कापसात उतरते. वजन जरा वाढतं, तेवढंच समाधान. खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत त्याच हॉलमध्ये.

म्हणून एक कराच. हॉल पूर्ण झाल्याच्या पहिल्याच दिवशी, सकाळी अकराच्या आत, ऊन फिरायच्या आधी फोटो काढून ठेवा. वीसही दिवे लावा. कूलर ढकलून बेडरूममध्ये न्या, माठाची तिवई दाराआड सारा, चटई गुंडाळून फ्रिजमागे उभी करा, सोफ्याचं प्लास्टिक एवढ्यापुरतं काढा. आजीला उठवायची गरज नाही, ती बाहेर ओट्यावरच आहे.