रिकव्हरी आणि चादरी

साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढलो असं सांगितलं की समोरचा लगेच म्हणतो, "वा, म्हणजे बालपण गोडच!" मी मान डोलावतो. गोड होतंच. फक्त त्यावर काजळी बसलेली असायची.

ऊस पिळून उरतं ते चिपाड म्हणजे बगॅस. ते बॉयलरमध्ये जाळायचं, वाफ करायची आणि त्या वाफेवर अख्खा कारखाना चालवायचा. म्हणजे ऊस स्वतःचं सरपण स्वतःच घेऊन येतो. व्यवस्था मोठी हुशार, पण अर्धवट जळालेले हलके काळे कण धुराड्यातून निघतात आणि वारा नेईल तिकडे जातात. हल्ली त्यांना अडवायला यंत्रं बसवतात. आमच्या लहानपणी ते काम दोरीवरच्या चादरी करायच्या.

काजळीला हात लावायचा नाही, हा कॉलनीतला पहिला नियम. फुंकर घातली तर उडून जाते, बोटाने झटकली तर वीतभर काळा फराटा. पुण्याचे पाहुणे खांद्यावरचं काळं काहीतरी झटकायला जात, आणि आम्ही "नको, नको!" म्हणेपर्यंत पांढऱ्या सदऱ्याचा निकाल लागलेला असे. अशा गावात शाळेचा गणवेश पांढरा कुणी ठरवला, त्या माणसाला मी अजून शोधतोय. प्रार्थनेला रांगेत उभं राहिलं की आपण पुढच्याच्या पाठीवर फुंकायचं, मागचा आपल्या पाठीवर फुंकणार. नवीन आलेल्या गुरुजींना बरेच दिवस वाटत होतं की मुलं प्राणायाम करतात.

दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटायचा. त्याला अग्निप्रदीपन असं भारदस्त नाव, मंडप, पूजा आणि भाषणं. भाषणात प्रवरानगर यायचंच: १९५०-५१ चा पहिला हंगाम, विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ, शेतकऱ्यांनी स्वतः उभा केलेला कारखाना. सगळे टाळ्या वाजवत. आई बायकांत बसून टाळ्या वाजवता वाजवता धुराड्याकडे बघायची. धूर कुठे वळतोय ते तिला हवं असे. पुढचे पाच-सहा महिने कपडे कधी वाळत घालायचे, हे सहकारावर नाही, त्या वाऱ्यावर ठरणार होतं.

अण्णा लॅबमध्ये केमिस्ट. शिफ्ट चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. भोंगा झाला की कॉलनीतली जेवणं, झोपा आणि भांडणं बदलायची. अण्णा ताटावर बसले की पहिला विषय रिकव्हरी, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली. "आज अकरा पॉइंट चार," हे ते अशा आवाजात सांगत, की इतर घरांत तो आवाज मुलाच्या मार्कांसाठी राखून ठेवतात. शंभर किलो उसाची अकराएक किलो साखर, तीसेक किलो बगॅस, चारेक किलो मळी, जवळपास तितकीच प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, बाकी बहुतेक पाणी. हा हिशोब मला पाढ्यांच्या आधी पाठ झाला.

एकदा आईने भाकरी वाढता वाढता विचारलं, "आणि माझ्या दोरीवर येतं ते कुठल्या रकान्यात?"

अण्णा प्रामाणिक माणूस. "बगॅसच्या. इंधन म्हणून."

"म्हणजे मी रोज इंधन धुते," आई म्हणाली, आणि आमटी जरा जोरात वाढली.

वासाबद्दल फार बोलत नाही. मळीचा वास आम्हाला येतच नसे, पाहुण्यांच्या नाकावरचा रुमाल बघून कळायचं की आज येतोय. ताईला बघायला आलेल्या एका मंडळींनी पोहे तसेच ठेवले. आम्हाला वाटलं पत्रिकेचं अडलं.

खरी लढाई मार्चनंतर. पापड-कुरडयांचे दिवस हेच, आणि फडात ऊस उभा असेल तर कारखाना बंद होत नसे. शेतकऱ्याचा जीव त्या उसात अडकलेला. तोड लांबली की ऊस वाळतो, वजन घटतं. त्यापुढे कुरडया कसल्या? हे आईला कळायचं, म्हणून ती उघड काही म्हणत नसे. पण मिल मध्येच थांबली आणि अण्णा पडक्या चेहऱ्याने "नो केन झालं", म्हणजे गाळायला ऊसच नाही, म्हणत घरी आले, की बघता बघता सगळ्या गच्च्यांवर जुनी लुगडी पसरली जात. आम्हा पोरांना गेटावर टेहळणीला बसवत. ट्रॉल्या दिसल्या की आरोळी ठोकायची. पण आधी ट्रॉलीमागे धावून दोन-चार ऊस ओढायचे असत, त्यामुळे आरोळी जायची तोवर निम्म्या कुरडयांवर तीळ टाकल्यासारखे दिसायला लागलेले असत.

२०२१-२२ चा हंगाम राज्यात पार जूनपर्यंत चालला. आई-अण्णा आता शहरात माझ्याकडेच असतात. शिल्लक उसाची बातमी मी दोघांना वाचून दाखवली. आईने शेतकऱ्यांचे हाल, तोडीचे हाल सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अरे, जून म्हणजे पाऊसच की," ती म्हणाली. "त्या बायकांनी कुरडया कधी घातल्या असतील?"

अण्णांनी माझ्या हातातून पेपर ओढून घेतला. "रिकव्हरी किती दिलीय?"