पॅरिसमधून पाहिलेला पोर्तुगीज पासपोर्टचा वाद

गोव्यात पोर्तुगीज पासपोर्ट घेणाऱ्यांविषयीचा वाद अधूनमधून डोके वर काढतो आणि त्यातला आरोप ठरलेला असतो: १९ डिसेंबर १९६१ रोजी ज्यांच्यापासून सुटका झाली, त्यांच्याच दारात ही माणसे पुन्हा जाऊन उभी राहतात. फ्रान्स आणि अल्जीरिया यांचे भांडण पॅरिसमध्ये रोज कानावर पडत असताना हा आरोप मला दिवसेंदिवस पोकळ वाटू लागला आहे.

१८३० साली फ्रान्सने अल्जीयर्स घेतले आणि १८४८ मध्ये अल्जीरियाचे फ्रान्समधल्यासारखेच तीन प्रशासकीय विभाग पाडून तो वसाहत नसून फ्रान्सचाच भाग असल्याचे ठरवले. १९५४ मध्ये स्वातंत्र्यलढा पेटला तेव्हा गृहमंत्री असलेले फ्रान्स्वा मितराँ हेच ठणकावून सांगत होते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने १९५१ मध्ये गोव्याला 'सागरपार प्रांत' म्हटले तेही याच हिशेबाने. अर्थात साम्य फार ताणू नये. अल्जीरियात लाखो युरोपीय वसवले गेले आणि सुपीक जमिनी त्यांच्या हाती गेल्या. तिथल्या मुसलमानांना मात्र १८६५ पासून फ्रान्सचे प्रजाजन मानूनही, पूर्ण नागरिकत्व हवे असेल तर आपला व्यक्तिगत कायदा सोडा, अशी अट घातली गेली. जमीन गेलेल्या घरांतली माणसे पहिल्या महायुद्धात सैनिक आणि मजूर म्हणून फ्रान्सला आणली गेली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तीच पॅरिसजवळच्या बियाँकूरच्या रेनो मोटार कारखान्यात राबत आणि नांतेरच्या झोपडपट्टीत राहत होती.

'अल्जीरिया म्हणजे फ्रान्स' या दाव्याचे एक फळ फ्रान्सला नको असतानाही पदरात पडले. अल्जीरिया १९६२ मध्ये स्वतंत्र झाला, पण त्याआधी तिथे जन्मलेला माणूस कायद्याने फ्रान्समध्येच जन्मलेला ठरतो. त्यामुळे १९६३ पासून अशा आईबापांना फ्रान्समध्ये झालेले मूल जन्मतःच फ्रेंच असते, मग बापाने स्वातंत्र्यलढ्याला वर्गणी दिलेली का असेना. १९६१ पूर्वीच्या गोव्यातल्या आजोबांच्या जन्मनोंदीवर नातवाला पोर्तुगीज नागरिकत्व मिळते, त्यामागचा धागा हाच आहे. सत्ताधाऱ्याने आपल्या सोयीसाठी लिहिलेली नोंद तिसऱ्या पिढीने स्वतःच्या सोयीसाठी वाचली, तर त्यात सत्ताधाऱ्यावरचे प्रेम कुठून आले?

सेन नदीवरच्या साँ-मिशेल पुलाशी २००१ मध्ये लावलेली एक पाटी आहे. १७ ऑक्टोबर १९६१ च्या शांततापूर्ण निदर्शनाच्या रक्तरंजित दडपशाहीत मारल्या गेलेल्या असंख्य अल्जीरियनांच्या स्मरणार्थ, असे तिच्यावर लिहिलेले आहे. मारले कोणी, ते लिहिलेले नाही. मारले ते पॅरिसच्या पोलिसांनी. त्यांचा प्रमुख मोरिस पापाँ, ज्याला पुढे १९९८ मध्ये बोर्दोच्या ज्यूंची नाझी छावण्यांकडे रवानगी केल्याबद्दल शिक्षा झाली. मृतांच्या आकड्यावर आजही एकमत नाही. या शहरात राहणारी अल्जीरियन कुटुंबे हे सारे जाणतात आणि तरीही इथेच राहतात, कारण नोकरी, घर आणि नातलग इथे आहेत.

फ्रान्समधल्या उजव्यांचा रोख सध्या अल्जीरियनांच्या फ्रान्समधल्या वास्तव्याचे नियम ठरवणाऱ्या १९६८ च्या फ्रान्स-अल्जीरिया करारावर आहे. तो मोडावा असा ठराव ३० ऑक्टोबर २०२५ रोजी फ्रेंच संसदेच्या कनिष्ठ सभागृहात एका मताने संमत झाला. सरकारवर तो बंधनकारक नाही. करारामुळे अल्जीरियनांना मोकळे रान मिळाले आहे, असे सांगितले जाते. पण परदेशीयांना निवासाचे कार्ड देणाऱ्या सरकारी कचेरीच्या, म्हणजे प्रेफेक्त्यूरच्या, रांगेत उभे राहिले की वेगळेच दिसते. त्यांचे कार्ड आमच्यापेक्षा निराळे, 'अल्जीरियनांसाठीचे निवास प्रमाणपत्र'. दहा वर्षांचे कार्ड मिळण्याच्या वाटा काही बाबतींत त्यांना सोप्या आहेत, हे खरे. मात्र भारतीय विद्यार्थ्याला वर्षाच्या पूर्ण कामाच्या ६० टक्के तास नोकरी करता येते, तर अल्जीरियन विद्यार्थ्याला ५० टक्केच. आणि उच्चशिक्षित परदेशीयांसाठीचे जे खास कार्ड भारतीय अभियंत्याला मिळते, ते करारामुळे त्यांना मिळतच नाही. एवढा तपशील चर्चासत्रांत कोणी काढत नाही.

गोव्यातल्या वादात मला रास्त वाटणारा भाग एकच, आणि तो व्यवहाराचा आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून पोर्तुगीज नागरिक झालेल्याने भारतीय पासपोर्ट परत करावा, मतदारयादीतून नाव काढावे आणि पंचायतीपासून विधानसभेपर्यंत कुठलीही निवडणूक लढवू नये, ही मागणी योग्यच आहे. ती कायद्याने तडीस न्यावी. लिस्बनची कागदपत्रे घेऊन इंग्लंडच्या स्विंडनमध्ये गोदामात राबणाऱ्या दक्षिण गोव्यातल्या सासष्टीच्या पोराकडे मात्र राष्ट्रनिष्ठेचा दाखला मागण्याआधी, त्याच्या तालुक्यात त्याच्यासाठी कोणते काम उरले होते, याचे उत्तर पणजीतल्या सरकारने द्यावे.